रंगाऱ्याच्या अंगणातला बियाचा गुलाब

मी गुलाबाचं झाड बोलतोय. कलमाचं नव्हे, बियाचं. हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण कलमाच्या गुलाबाला आपलं रंगरूप जन्माआधीच ठाऊक असतं. आई तशी लेक. आम्हा बियाच्या रोपांचं तसं नाही. पहिली कळी उमलेपर्यंत आपण कोण आहोत हे आमचं आम्हालाही कळत नाही, आणि कळतं तेव्हा बहुतेकांच्या मुळाशी खुरपं आलेलं असतं.

माझं गाव सोलापूर, घर रेवणप्पा निळाऱ्याचं. पुढे दोन खोल्या, मागे अंगण. अंगणाच्या एका अंगाला रंगाची पडवी. तिथं निळीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले आणि शेजारी चुलाणावर विलायती रंगाच्या कढया, आणि सूत पांढरं करायच्या ब्लीचिंगच्या पुडीची एक. दुसऱ्या अंगाला भिंतीच्या कडेनं आम्ही, घासलेटच्या डब्यांत. रंगाचं पाणी आमच्याकडे वाहू नये म्हणून मध्ये दगडांचा बांध घातलेला होता.

रंगाऱ्यानं गुलाबाच्या वाटेला का जावं, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर त्या रांजणांत होतं.

निळीचा रांजण म्हणजे जितं जनावर. त्याला चुना, गूळ, टाकळ्याचं बी असं वेळच्या वेळी खायला घालावं लागतं, आणि तो बरा आहे की बिघडलाय हे नाकानं ओळखावं लागतं. वरचा फेस डोळ्यांना दिसतो, पण फेस फसवतो. बऱ्या रांजणाला जड, गोडसर वास असतो, बिघडलेल्याला आंबट. बिघडलेल्यात सूत बुडवलं की रंग नुसता वर बसतो, आत शिरत नाही. रेवणप्पाचा बाप म्हणे पडवीच्या उंबऱ्यात उभा राहून सांगायचा, कोणता रांजण आज कामाचा. आणि बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, हा घरचा दंडक. बाईची सावली पडली की नीळ रुसते.

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी रेवणप्पानं यल्लय्या नावाच्या तेलुगू विणकराचं सूत रंगवून दिलं. त्या सुताच्या साड्या नातेपुत्याच्या बाजारात खपल्या, आणि पहिल्याच धुण्यात निळा काठ पांढऱ्या अंगावर उतरला. यल्लय्यानं एक साडी परत आणली, अंगणात पसरली आणि निघून गेला. मी हे पाहिलेलं नाही, पण घरात इतक्यांदा बोललं गेलं की मला पाठ झालं. पेठेतले लोक त्याला ‘कच्चा रेवण’ म्हणू लागले. निळीचं सूत येणं आटलं. एक सोडून बाकीचे रांजण कोरडे पडले.

रेवणप्पा सांगत राहिला, दोष पाण्याचा होता, चुना जुना होता, नीळ भेसळीची होती. ऐकणारे माना हलवत आणि सूत दुसरीकडे देत.

माणूस एका ठिकाणी हरला की दुसऱ्या ठिकाणी जिंकायला बघतो. रेवणप्पानं मनाशी घेतलं की सोलापूरच्या उन्हात न उडणारा लाल गुलाब करायचा. निळा गुलाब देवानंच केला नाही, नाहीतर त्यानं तोच हट्ट धरला असता.

माझी आई याच अंगणातली देशी गुलाब. फिकट, विस्कटलेल्या पाकळ्यांची, पण वासाची राणी. वडील रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यातले, गडद लाल, विलायती. त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्या बंगल्यावरचा माळी तात्याबा हा रेवणप्पाचा दोस्त; त्यानं त्यांचं एक फूल केळीच्या पानात गुंडाळून आणून दिलं. आईची एक कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी रेवणप्पानं तिच्या पाकळ्या काढल्या, सुतातली गाठ सोडवायच्या चिमट्यानं आतले केसर एकेक करून उपटले, आणि सकाळी कापसाच्या वातीनं वडिलांच्या फुलातली पिवळी पूड तिच्यावर लावली. वरून मलमलीची चिंधी बांधली. तात्याबा तंबाखू मळत बघत होता.

“गुलाब कुटं बियाचा करत्यात व्हय?” तो म्हणाला. “कलम बांध की. नसती उठाठेव कशाला?”

“कलमात जे हाय तेच मिळतंय,” रेवणप्पा म्हणाला. “मला न्हाय ते पायजे.”

चार महिन्यांनी बोंड पिकून नारिंगी झालं. बिया काढून त्यानं त्या ओल्या वाळूत घातल्या आणि ती वाळू पाण्याच्या माठाखाली गारव्याला ठेवली. मग पेरल्या. उगवलो ते मूठभरच. त्यातल्या काहींना भुरीच्या रोगानं खाल्लं. उरलेल्यांची परीक्षा सुरू झाली, आणि ती रंगाऱ्याची परीक्षा होती, माळ्याची नव्हे.

रोपाला पहिलं फूल आलं की तो ते तोडायचा. अर्ध्या पाकळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत, अर्ध्या भिंतीवर उन्हात. संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून बघायचा. उन्हातल्या फिक्या पडल्या असल्या की त्याच पावली खुरपं. “पयल्या पाण्यात कापड कळतं,” हे त्याचं नेहमीचं बोलणं. कापडाचं कळत असेल. गुलाबाच्या रोपाचं पहिलं फूल म्हणजे लेकराचं बोबडं बोलणं. त्यावरून त्याचा आवाज पुढे कसा होईल हे कुणी ठरवतं का? दुसऱ्या-तिसऱ्या बहरात रंग भरतो, पाकळ्या वाढतात. तात्याबा हे दोनदा बोलला. रेवणप्पानं दोन्ही वेळा त्याला चहा पाजला आणि ऐकलं नाही.

माझी एक बहीण होती. रंगानं साधी, पण आईचा वास घेऊन आलेली. तिचं फूल उन्हात पांढुरकं पडलं तेव्हा रेवणप्पाची बायको निंगव्वा मध्ये पडली.

“ऱ्हाऊ द्या की ही. वास बगा केवढा हाय.”

रेवणप्पानं पाकळ्या नाकाशी धरल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. “कुटं हाय वास?” म्हणाला, आणि बहीण गेली. निंगव्वाला वाटलं, तो मुद्दाम तिचं म्हणणं खाली पाडतोय. ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या एका भावाला फूल आलं. गडद लाल, उन्हात टिकलेलं. रेवणप्पानं ते तात्याबासमोर हुंगलं आणि म्हणाला, “वास बी लई चांगला हाय.” त्या भावाला दगडाला असतो तेवढाच वास होता. तात्याबानं तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्यात सरकवली आणि मान हलवली. मी मात्र तिथंच चमकलो. आम्हा झाडांना काहीही लपवता येत नाही म्हणून असेल, पण कुणी लपवत असलं की आम्हाला चटकन कळतं. या माणसाला वास येतच नव्हता. माळ्याला वास नसला तर चालेल एक वेळ. निळाऱ्याला कसं चालेल? साडीचा काठ का उतरला, ते मला त्या दिवशी कळलं. पण मला तोंड कुठे होतं?

मग माझी पाळी आली.

निंगव्वा पहाटे आंघोळ करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेते आणि पूजा करते. रेवणप्पा त्या वेळी घरात नसे. उजाडायच्या आत तो सूत धुवायला विहिरीवर जाई. माझी पहिली कळी अर्धी उघडली होती. तिनं ती पूजेला खुडली. पूजा झाल्यावर ती पुन्हा अंगणात आली, तळहातावर राहिलेला माझा वास हुंगत, आणि माझ्यासमोर बसली.

“पोरा, तुजा रंग काय टिकायचा न्हाय,” ती म्हणाली. “तू उमलूच नगंस.”

त्या दिवसापासून माझी एकही कळी तिनं उमलू दिली नाही. रोज पहाटे जी कळी तयार होईल ती लिंगावर. रेवणप्पा विहिरीवरून येई तेव्हा माझ्या अंगावर नुसती पानं. तो म्हणे, “वांझ निघालं का काय हे?” ती म्हणे, “केराबाईच्या शेळीनं शेंडा खाल्ला.” केराबाई शेजारची, भिंतीपलीकडे राहणारी. एकदा तिनं हे ऐकलं आणि भिंतीवरून डोकं काढून म्हणाली, “माजी शेळी चार दिस झालं बांधलीया वो.” निंगव्वानं तिला डोळ्यानं गप्प केलं. तरीही रेवणप्पानं मला उपटलं नाही. पाणी लागल्याशिवाय कापडाला नाव ठेवायचं नाही, हाही त्याचाच नियम. त्याच्या एका नियमानं माझी भावंडं मारली आणि दुसऱ्यानं मी जगलो. असं दीड वर्ष गेलं.

उमलू न दिलेल्या कळीचं दुःख काय असतं हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. रोज पहाटे अंग फुटेपर्यंत ताणायचं आणि नेमक्या वेळी बोटं यायची. ती बोटं मायेची होती, म्हणून मी गप्प राहिलो.

एका संध्याकाळी निंगव्वा चुलीवर दूध ठेवून माझ्याजवळ भांडी घासत होती. रेवणप्पा चुलीकडे पाठ करून सुपारी कातरत बसला होता, हाताच्या अंतरावर. दूध उतू गेलं आणि करपलं. वास मला भिंतीपाशी आला, भिंतीपलीकडे केराबाईला आला.

“निंगव्वा, दूध लागलं गं,” केराबाई ओरडली.

निंगव्वा धावत आत गेली. “तुमी हितंच हाय की वो. वास न्हाय आला?”

“ध्यान न्हवतं.”

तिनं पातेलं उतरवलं आणि त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. सुपारी कातरून संपली होती, तरी तो अडकित्ता हलवत होता. त्या दिवशी तिलाही कळलं. पण नवऱ्यानं झाकून ठेवलेलं व्यंग बायकोनं कसं उघडं करायचं? तिनं करपलेलं पातेलं माझ्याजवळ आणून राखेनं घासलं, घासतच राहिली.

तीस सालचा वैशाख आला. गावात गोळीबार झाला, लष्कर आलं, आणि उजाडेपर्यंत घराबाहेर पडायची बंदी झाली. पहाटे विहिरीवर जाणारा रेवणप्पा घरात कोंडला. पहिल्याच पहाटे, निंगव्वा अजून आंघोळीला होती तेव्हा, तो अंगणात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी नुकताच उमललो होतो. जन्मात पहिल्यांदा पुरता उमललो होतो.

“निंगव्वा,” त्यानं हाक मारली, “ये बग, झाड वांझ न्हाय.” त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्याची कीव आली.

ती ओल्या केसांनी धावत आली आणि मला बघून तिचं तोंड उतरलं. त्यानं फूल तोडलं, निम्म्या पाकळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या, निम्म्या भिंतीवर. वैशाखातलं सोलापूरचं ऊन. संध्याकाळची वाट बघायचं कारणच पडलं नाही. दुपारीच माझा लाल रंग धुतल्यासारखा उडाला. रेवणप्पा खुरपं घेऊन आला.

निंगव्वा माझ्या बुंध्याला पाठ लावून खाली बसली. काटे तिच्या लुगड्यात अडकले.

“ऊठ.”

“न्हाय उठत. आदी याचा वास घ्या.”

त्यानं फडक्यातल्या पाकळ्या नाकाशी धरल्या. डोळे मिटले, लांब श्वास घेतला, सगळं नेहमीसारखं. “घेतला. वासात बी काय न्हाय.”

तेवढ्यात भिंतीवरून केराबाईचं डोकं वर आलं. “निंगव्वा, सकाळपासनं कशाचा वास सुटलाय गं? आमच्या घरात सुदिक भरलाय.”

केराबाईनं दोघांकडे बघितलं आणि डोकं खाली घेतलं. निंगव्वानं हळूच विचारलं, “कवापासनं येत न्हाय?”

त्यानं खुरपं उचललं. एका क्षणाला मला वाटलं, आता ते खुरपं माझ्यावर पडणार, निदान काहीतरी तुटावं म्हणून. “साकू,” तो म्हणाला. घायकुतीला आला की त्याच्या तोंडी कानडी यायचं. साकू म्हणजे पुरे. मग तो तिच्यासमोर मातीतच बसला.

“तीन वरसं झाली. त्या ब्लीचिंगच्या पुडीनं नाक जळलं. आदी वाटलं पडसं हाय.”

“मग सांगायचं की.”

“काय सांगू? निळाऱ्याला नाक न्हाय म्हणून?”

“आन् यल्लय्याचं सूत?”

“फेस बगून बुडवलं.”

निंगव्वा उठली. पदर खोचला आणि बांध ओलांडून पडवीकडे चालू लागली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या पडवीत पाऊल टाकलं नव्हतं. तो ‘नगं’ म्हणाला नाही. तिनं उरलेल्या एकुलत्या रांजणाचं झाकण काढलं, वाकली आणि चटकन मागं सरली.

“हा मेलाय,” ती म्हणाली. “आंबलाय पार.”

मला महिन्यापासून ठाऊक होतं. त्या मेलेल्या रांजणाला रेवणप्पा रोज गूळ घालत होता. बापाच्या हातचा शेवटचा रांजण. तो पडवीच्या खांबाला धरून लहान पोरासारखा रडला, आणि मलाही त्या वेळी रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं वर्ष आमचं सुखाचं गेलं. बंदी उठली. नवा रांजण लागला. हात त्याचे, नाक तिचं. त्यानं यल्लय्याकडे स्वतः जाऊन थोडं सूत मागून आणलं. ते रंगवून, तीनदा धुवून दाखवलं. यल्लय्यानं ओलं सूत पांढऱ्या धोतरावर पिळलं, धोतर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मोठं ओझं घेऊन आला. पेठेत कुजबुज झालीच, बाई रांजणावर बसते म्हणून. पण रंग टिकत होता तोवर कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं.

मला त्यानं डब्यातून काढून जमिनीत लावलं. रोज सकाळी माझं एक फूल तोडून तो सवयीनं आधी स्वतःच्या नाकाशी धरी, मग तिच्यापुढे करी. “सांग.” ती सांगे, “आज वेलदोड्यावानी हाय.” नाहीतर, “आज नव्या गुळाचा, वरनं लिंबाची साल किसल्यावानी.” तो ऐकून मान डोलवी, जेवल्यासारखा तृप्त. माझं बियाणंही त्यानं धरलं. आता पहिल्या फुलावर निकाल नव्हता. तीन बहर बघायचे, रंगाचं त्यानं बोलायचं, वासाचं तिनं. दोघांची भांडणं व्हायची आणि भांडणापायी कितीतरी रोपं वाचायची.

पण निंगव्वा आता दिवसभर पडवीत असते. निळीच्या रांजणाशेजारीच ब्लीचिंगच्या पुडीची ती कढई उकळते. तिचं पाणी सूत पांढरं करतं, आणि तिचा धूर नाकात शिरताना हे नाक कुणाचं म्हणून विचारत नाही.

गेले काही दिवस मी बघतोय. ती फूल नाकाशी जरा जास्त वेळ धरते. मधे तीन दिवस झळा लागल्या. माझ्या फुलातला वास उडून गेला, पाकळ्या नुसत्या कागद झाल्या. त्यानं फूल पुढे केलं. “सांग.” ती म्हणाली, “नव्या गुळाचा, वरनं लिंबाची साल किसल्यावानी.” तो खूश होऊन कामाला लागला. मी मात्र बुंध्यापर्यंत गार पडलो.

आज संध्याकाळी यल्लय्या सूत टाकून गेला. त्याच्या लेकीच्या लग्नाच्या साड्यांचं आहे. निंगव्वानं रांजण उघडला, वाकली, थोडं थांबली. “चांगला हाय,” म्हणाली. चांगला नाही तो. बांध ओलांडून आंबट वास माझ्यापर्यंत येतोय. उद्या सकाळी सूत त्यात जाईल. मग काठ उतरेल, आणि या वेळी कुणी चुन्याला दोष देणार नाही, पुडीलाही नाही. बाईची सावली पडली, नीळ रुसली, एवढंच म्हणतील. तेही तिला ठाऊक आहे. पण घरात उरलेलं एकुलतं नाक तिचंच, ते गेलं हे सांगायचं कसं, म्हणून ती बोलत नाही. दिवे लागायच्या वेळी ती माझ्याजवळ आली, एक पाकळी चुरगळून नाकाशी धरली, टाकली, दुसरी चुरगळली. मग पदरानं तोंड पुसून आत गेली.

मला आता कुणाच्या खुरप्याची भीती नाही. माझ्यासाठी मागायचं असं काही उरलेलं नाही. पण हे ऐकणारे कुणी तुम्ही या पेठेतून जात असाल तर सकाळी लवकर, सूत भिजायच्या आत, अंगणात या. फुलाचं निमित्त करा, देतील ती. आणि निंगव्वाला बाजूला घेऊन एवढंच विचारा की बाई, तुम्हाला वास येतो का? सरळ विचारलं तर ती खोटं बोलणार नाही. रेवणप्पाला तीन वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तिलाही अजून कुणी विचारलेलं नाही.